तांदूळ वैरले की सुई

वृद्धाश्रमातलं औषधांचं रजिस्टर उघडलं आणि तीस नावांपुढे ‘सकाळी ८’ अशी एकच वेळ दिसली, की ते रजिस्टर खोटं आहे असं मी धरून चालते. एका बाईला तीस म्हाताऱ्यांना आठ वाजता गोळ्या देताच येत नाहीत. एकाला उठवून बसवायचं, त्याची कवळी शोधायची. दुसऱ्याला नुसतं पाणी चालत नाही, कोमट लागतं. तिसरी संडासात गेलेली असते, चौथी म्हणते आधी अंघोळ. ट्रे घेऊन पहिल्या पलंगापासून शेवटच्या पलंगापर्यंत जायला तास-सव्वातास सहज जातो, तोही मध्ये कोणी पडलं-झडलं नसेल तर. म्हणजे शेवटच्या पलंगाचे आठ रोज सव्वानऊला वाजतात. रजिस्टरात मात्र आठच, आणि बरेचदा सह्या आदल्या रात्रीच करून ठेवलेल्या. ती बाई कामचुकार असते म्हणावं, तर तसंही नसतं. सगळ्यात जास्त राबणारी तीच असते.

माझी सरकारी नोकरी बहुतेक गडचिरोली जिल्ह्यात झाली. धानोरा, एटापल्ली, भामरागड ही बाजू. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून चंद्रपूरजवळच्या एका वृद्धाश्रमात जायला लागले. नर्सिंगला असताना आम्हाला पाच गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पहिल्या चार डोळे उघडे ठेवले की जमतात. पाचवी एकट्या नर्सच्या हातात कधीच नसते, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. ते जंगलातल्या गावांनी शिकवलं आणि नंतर म्हाताऱ्यांनी पक्कं करून घेतलं.

आश्रमात एक निवृत्त मास्तर होते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन. चिठ्ठीवर लेवोडोपा दिवसातून चार वेळा लिहिलेलं. आश्रमात ट्रे फिरायचा तीन वेळा, आठ, दोन आणि पुन्हा आठ. चौथी गोळी कुठे बसवायची हा प्रश्न मी येण्याआधीच कोणीतरी सोडवून टाकला होता, रात्रीच्या गोळीत ती मिसळून. मास्तरांचा पलंग शेवटून दुसरा. सकाळी ते अंघोळ करून शर्ट घालून बसायचे. वरचं बटण लावायला हात जायचा. अंगठा आणि बोट बटणापर्यंत पोचायचं, बटण धरायचं आणि तिथेच थांबायचं. काज एका पेराच्या अंतरावर असायचं, पण हात पुढे जायचा नाही. चेहऱ्यावर काही नाही, पापणी लवत नाही. मदतनीस पोरी म्हणायच्या, मास्तर मुद्दाम करतात, बटण आपण लावून द्यावं म्हणून. गोळी मिळाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तोच हात पाचही बटणं लावायचा, खिशाला पेन अडकवायचा आणि पेपर मागायचा. त्यामुळे तर पोरींचा संशय अजूनच पक्का व्हायचा.

उलगडा केला तो शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने. सिंदेवाहीकडचा धानाचा शेतकरी, शाळेचं तोंड न पाहिलेला. मला म्हणाला, “मास्तर नाटकं नाई करत बाई. त्याची गोळी उशिरा येते, म्हनून तो दगड होते. गोळी पोटात गेली का मंग पाहा.” दोन दिवस त्याने खिडकीतल्या उन्हावरून वेळ सांगितली आणि मी घड्याळ पाहून लिहून घेतली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, त्यांना कागद दाखवला. वेळा ठरल्या साडेसहा, साडेदहा, अडीच, साडेसहा. सकाळची गोळी दुधाच्या आधी, कारण दूध-डाळीतल्या प्रथिनांशी या औषधाचं फारसं जमत नाही.

आता साडेसहाची गोळी कोण देणार? मी आठला यायचे. रात्रपाळीची मावशी पाच वाजता उठून अंघोळीचं पाणी तापवायची. मी म्हटलं, वाटीत काढून, वर नाव लिहून मी ठेवते, देईल मावशी. विश्वस्तांपैकी एकाने विचारलं, “चौथी शिकलेल्या बाईच्या हाती औषध द्यायचं?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना चातगावजवळ शोधग्राम लागतं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळ दूध ओढेनासं झालं, थंड पडलं, रडणं मंदावलं तर जंतुसंसर्ग ओळखायचा आणि आईबाप दवाखान्यात जायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे त्या शिकल्या. तेव्हा आम्हा नर्सांमध्येही कुजबुज होती. आम्ही कोर्स करून आलो आणि ही शेजारीण सुई टोचणार? १९९९ साली त्या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ज्या ३९ गावांत हे काम झालं तिथे नवजात बाळांचे मृत्यू, काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन बाळं तपासू लागल्या त्यामागे हेच काम आहे. औषध तेच होतं, आमच्या कपाटातही तेच होतं. फरक इतकाच, की बाळ मलूल पडलं त्या रात्री ती बाई तिथे होती आणि आम्ही बारा कोसांवर.

विश्वस्तांना मी एवढं लांबण लावून सांगितलं नाही. म्हटलं, महिनाभर पाहू. मावशीने एकही सकाळ चुकवली नाही. तिला गोळीचं नाव वाचता येत नव्हतं, पण वाटी कोणाची आणि कशाच्या आधी द्यायची हे पक्कं ठाऊक होतं. मास्तर सात वाजता बटणं लावून पेपरची वाट पाहत बसू लागले. पोरींनी त्यांना नाटकी म्हणणं सोडलं. मास्तरांनी मात्र त्यांचं ते बोलणं बरेच दिवस मनातून काढलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या संघटनेने २००६ पासून याच एका मागणीसाठी मोहीम चालवली आहे: दवाखान्यात दाखल झालेल्या पेशंटला त्याची गोळी त्याच्या वेळेवर द्या. अमेरिकेत उलटा घोळ झाला. तिथल्या सरकारी नियमाने सगळीच औषधं ठरल्या वेळेच्या अर्धा तास आत-बाहेर द्यायला सांगितली. नर्सांनी ओरडून सांगितलं, हे जमत नाही, यापायी आम्ही घाई करतो आणि नको त्या चुका होतात. २०११ मध्ये तो नियम सैल झाला. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने सुचवलं, की ज्यांना वेळेतला फरक खरोखर सोसत नाही अशा औषधांची यादी प्रत्येक दवाखान्याने करावी आणि ती अर्ध्या तासाच्या आत द्यावीत. दिवसातून एकदाच्या साध्या गोळीला दोन तास इकडेतिकडे चालतील. डॉक्टरांनी हे मोबाइलवर दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं. तिकडच्या पोरीही आमच्यासारख्याच ट्रे घेऊन धावतात तर.

मग आम्हीही भिंतीवर लाल अक्षरांत यादी लावली. लेवोडोपा. इन्सुलिन. फिटच्या गोळ्या. थायरॉइडची गोळी, चहाच्याही आधी, नुसत्या पाण्याबरोबर. अँटिबायोटिक चालू असेल तर ते. दिवसातून तीनदा म्हणजे नाश्ता, जेवण, जेवण असं नव्हे. सहा, दोन, दहा. एवढंच. बीपीची रोजची एक गोळी, कोलेस्टेरॉलची, व्हिटॅमिनची, यांना आठचे साडेनऊ झाले तर आभाळ कोसळत नाही. ट्रे पलंग नंबर एकपासून निघायचा तो लाल यादीपासून निघू लागला. पलंग नंबर एकच्या काकाजींना हा अपमान वाटला. ते ज्येष्ठ सभासद होते.

सगळ्यांना एका वेळेत कोंबायची सवय मला नोकरीतही दिसली होती. दवाखाना सकाळी उघडणार, पेशंटने येऊन आमच्यासमोर गोळी घ्यायची. कागदावर छान. पण मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा गाव पहाटे अंधारातच टोपल्या आणि बॅटरी घेऊन जंगलात जातं. उशीर झाला तर फुलं गुरं खातात, नाहीतर दुसरा वेचतो. टीबीचा एक पेशंट त्या दिवसांत सारखा गैरहजर. आमच्या नोंदीत तो ‘सहकार्य न करणारा’. घरी गेले तर बायको म्हणाली, तो चारला उठते, तुमचा दवाखाना कवा उघडते? त्याच्या गोळ्यांचा डबा शेजारच्या अंगणवाडी सेविकेकडे ठेवला. तो टोपली घेऊन निघायचा, तिच्या दारात थांबायचा, उपाशीपोटी गोळ्या घ्यायचा आणि जायचा. रिफाम्पिसिन उपाशीपोटीच चांगली लागू होते, म्हणजे त्याची वेळ आमच्या वेळेपेक्षा बरी होती. तेंदूच्या हंगामापर्यंत त्याचा एकही डोस चुकला नाही.

कुष्ठरोगाच्या औषधाला असाच एक उपाय सापडला, आठवडी बाजाराचा. एमडीटीचं, म्हणजे एकत्र द्यायच्या औषधांचं, पाकीट २८ दिवसांचं असतं. पहिल्या दिवशीच्या मोठ्या गोळ्या कोणाच्यातरी देखत घ्यायच्या, बाकीच्या रोज घरी. २८ दिवस म्हणजे बरोब्बर चार आठवडे, त्यामुळे पुढचा डोस त्याच वारी येतो. ज्याला तारीख ठाऊक नाही त्यालाही बाजाराचा वार ठाऊक असतो. “चार बाजार झाले का ये,” एवढंच सांगायचं. मीठ-मिरची घ्यायला माणूस येतोच. दवाखान्यात कुष्ठरोगाची गोळी घ्यायला लाजणारा माणूस बाजाराच्या गर्दीत मांडलेल्या आमच्या टेबलाकडे सहज यायचा, हा वरचा फायदा.

त्या काळातले एक बरे झालेले आजोबा आता आमच्या आश्रमात आहेत. बोटं आखडलेली, हाताला ऊन-गार कळत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये काम उभं करायला घेतलं तेव्हा डॅप्सोन हे एकच खात्रीचं औषध हाताशी होतं, आणि ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आजोबांना दोन्ही आठवतं. मोठ्या डोसाच्या दिवशी लघवी लाल व्हायची, रिफाम्पिसिनमुळे होतेच. आधी ते घाबरले, मग तीच त्यांची खूण झाली: लाल झाली म्हणजे औषध पोटात गेलं. या आजोबांना आज बीपीची गोळी पाकिटातून फोडता येत नाही. स्ट्रिप उशाशी ठेवून “आठला घ्या हं आजोबा” म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. त्यांच्या गोळ्या वाटीत काढून द्याव्या लागतात, आणि चहाही कोमट.

नोकरीत असताना पावसाळ्यातली वेळ तर जूनमध्येच सांभाळावी लागायची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. पुलावरून पाणी असताना कोणाला सांगणार, बाई, फिटची गोळी चुकवू नको? मृगाच्या आधीच नदीपलीकडच्या पेशंटांची यादी काढून दोन महिन्यांचा साठा पोचवायचा, मलेरियाच्या किट आशाताईकडे भरून ठेवायच्या. मलेरियाच्या तीन दिवसांच्या गोळ्यांचं निराळंच. पहिल्या दिवसानंतर ताप उतरतो, बाई रोवणीला जाते आणि उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवते, पुढच्या तापासाठी किंवा शेजारणीच्या पोरासाठी. वाया जाऊ द्यायच्या नाहीत, हा त्यामागचा हिशोब. रागावून उपयोग नसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं.

गोळ्या वाचवणं म्हाताऱ्यांचंही सुटत नाही. आमच्या एका आजीचं बीपी गोळी चालू असून उतरेना. तोंडात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची सवय, त्यामुळे गालात काहीही दाबून धरायची हातोटी. पाणी प्यायची, आ करून दाखवायची, गोळी गालातच. एक दिवस चादर बदलताना बटवा सापडला. सुपारी, दोन नाणी आणि मूठभर पांढऱ्या गोळ्या. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “पोराले बी बीपी आहे ना. त्याले कोन देते?” मुलगा दोन महिन्यांतून एकदा यायचा, तेव्हा द्यायला साठवत होती. मुलाला फोन करून त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात पाठवलं; तिथे तपासणी फुकट, गोळी फुकट. त्याने गोळ्यांचं पाकीट आणून आईला दाखवलं तेव्हा कुठे तिने स्वतःची गिळायला सुरुवात केली. अधूनमधून अजून एखादी बटव्यात सापडते.

इन्सुलिनचा नियम आम्हाला स्वयंपाकघराने घालून दिला. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७ च्या घरात जातो. आश्रमाच्या मागच्या खिडकीतून महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसतात, आणि आमची वीज गेलेली असते. फ्रिज बंद पडला की इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या रेतीत ठेवलेल्या मडक्यात जातात. त्याने काम भागतं. एका संध्याकाळी साडेसातला सुया देऊन झाल्या आणि इकडे गॅस संपला. दुसरं सिलिंडर येऊन भात होईपर्यंत नऊ. एक आजी घामाने भिजून असंबद्ध बोलायला लागल्या. साखरेचं पाणी पाजल्यावर वीस मिनिटांत ठिकाणावर आल्या, पण ती वीस मिनिटं त्या खोलीतल्या कोणाला विसरता येणार नाहीत. रजिस्टरप्रमाणे सुई अगदी वेळेवर होती. चुकलं होतं जेवण. जेवणाआधी अर्ध्या तासाची ही इन्सुलिन आम्ही त्यानंतर घड्याळावर ठेवली नाही. स्वयंपाकीणबाईने आधणात तांदूळ वैरले की तिने हाक मारायची, मग सुई. पोळ्यांच्या दिवशी पहिली पोळी लाटली की. तिच्या हाकेशिवाय बाटली मडक्यातून निघत नाही. मोठ्या दवाखान्यांतसुद्धा नर्स आणि स्वयंपाकघर यांची गाठ पडत नाही, हे मला विचित्र वाटतं.

लघवीच्या गोळीचं थोडक्यात सांगते. सकाळी एक, रात्री आठला एक, असं चालायचं. रात्री बारा-एकला म्हातारी माणसं अंधारात संडासाकडे निघायची आणि पडायची. डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी दुपारी चारवर आणली. रात्रीचं पडणं बरंच कमी झालं. हे करायला पैसा लागला नाही, माणूस लागला नाही. कोणीतरी विचारायला हवं होतं, बस.

आणि गोळ्यांची संख्या. नागपूरहून डिस्चार्ज घेऊन आलेल्या एका काकाजींच्या कार्डावर अकरा औषधं होती. पित्ताची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा. अकरा औषधं चार वेळांत वेळेवर देणं कुठल्याही आश्रमाला झेपत नाही. डॉक्टरांनी बसून ती सहावर आणली. माझं स्पष्ट मत आहे, की म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ‘वेळेवर’ची सुरुवात ‘कमी’पासून होते. पण गोळी बंद करा म्हणायला डॉक्टरला सवड लागते. ती ओपीडीत नसते. नातेवाइकांनाही गोळी कमी झाली की आपल्या माणसाकडे दुर्लक्ष झाल्यासारखं वाटतं.

तेव्हा नातेवाइकांना एवढंच सांगणं आहे. आईवडिलांना आश्रमात आणाल तेव्हा फाइलबरोबर घरातला गोळ्यांचा डबा जसा असेल तसा आणा, रिकाम्या स्ट्रिपांसकट. घरी ते किती वाजता उठायचे, चहा किती वाजता, कोणती गोळी कशाबरोबर घ्यायचे, कोणती लपवायचे, हे कागदावर लिहून द्या. जनऔषधी दुकानातून आणाल तर गोळीचा रंग-आकार बदलला हे आम्हालाही सांगा आणि त्यांनाही. नाहीतर ते ती थुंकतात. भेटीला येताना नव्या डॉक्टरची नवी गोळी गुपचूप उशाखाली ठेवून जाऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवायला बाहेर नेणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. आणि पुण्या-मुंबईहून फोन करायचा तो दहानंतर करा. सकाळी साडेसात ते नऊ आमच्या हातात ट्रे असतो, त्या वेळी आम्ही फोन उचलत नाही.